समई विरुद्ध बादली

नगरपालिकेच्या निवडणुकीला मी का उभा राहिलो, याचं खरं कारण माझ्या जाहीरनाम्यात छापलेलं नव्हतं. जाहीरनाम्यात गटारं होती, रस्त्यावरचे कंदील होते आणि आमच्या आळीला नळ मिळालाच पाहिजे अशी मागणी होती. खरं कारण होतं हरिश्चंद्र शेट्ये. हा गृहस्थ माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या परसामध्ये कमरेइतका जांभ्याचा गडगा आहे, आणि जगात जे जे चांगलं म्हणून आहे ते गेली नऊ वर्षं त्या गडग्याच्या पलीकडच्या बाजूला आहे.

शेट्येचा सोडावॉटरचा कारखाना आहे. त्याच्याकडे रेडिओ आहे, आणि रेडिओची तार त्यानं माझ्या फणसाला बांधलेली आहे. म्हणजे खांब माझा आणि गाणं त्याचं. त्याची हापूसची कलमं दरसाल धरतात. माझं एकुलतं एक कलम एक वर्ष धरतं आणि दोन वर्षं विचार करतं. हे सगळं मी सोसलं असतं. पण चैत्र लागला की माझी विहीर तळ दाखवते आणि शेट्येची विहीर तशीच काठोकाठ. मग माझी बायको कमळा घागर घेऊन गडग्याच्या खिंडीतून पलीकडे जाते आणि परत येताना घागरीबरोबर शेट्येंचं कौतुकही भरून आणते.

बरं, माणूस आखडू असता तरी माझी सोय झाली असती. तोही नाही. हसतमुख, मदतीला तत्पर. ज्याचा मनसोक्त राग करावा त्यानंच आपल्याला आंबे पाठवावेत, यासारखी कुचंबणा नाही. आणि मी त्याच्यावर नऊ वर्षं जळतो आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती. माझी एकच इच्छा होती. या माणसाला एकदा, आयुष्यात फक्त एकदा, माझा हेवा वाटावा.

माझ्याविषयी सांगायचं तर मी जनार्दन फणसळकर, इथल्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. गावातले लोक मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, प्राध्यापक आहे, हे मी प्रत्येकाला एकेकदा समजावून सांगितलेलं आहे. त्यावर प्रत्येकजण "बरं मास्तर" म्हणतो.

तर चोपन्न सालच्या चैत्रात एका सकाळी कमळा घागर घेऊन आली आणि म्हणाली, "शेट्येभावजी म्युनिसिपालटीला उभे राहतायत म्हणे. राहायलाच हवं. पाण्यातलं कळणारा माणूस तिथे नको का?"

"मीही उभा राहतोय," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. कमळानं घागर खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आधी सावलीत बसा बघू."

आमच्या वॉर्डात जागा एक. उमेदवार आम्ही दोघंच. म्हणजे कोणाचा तरी पराभव अटळ होता, आणि तो शेट्येचा व्हायचा हे मी मनाशी ठरवलं.

सल्ला द्यायला दादू साळवी आपण होऊन आले. हे निवृत्त पोस्टमास्तर आमच्या समोरच राहतात. तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळल्यामुळे लोकांच्या मनात काय आहे ते आपल्याला न फोडता कळतं, अशी त्यांची समजूत आहे. "फणसळकर," ते म्हणाले, "निवडणूक म्हणजे निशाणी. माणूस कोण बघतो? गेल्या मोठ्या निवडणुकीसारख्याच या खेपेलाही प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आहे. पेटीवर निशाणीचं चित्र. लोक चित्र बघणार आणि कागद टाकणार. तेव्हा निशाणी अशी घ्या की लोकांचे हात आपोआप पुढे आले पाहिजेत."

दादूंचा हा सल्ला शब्दशः खरा ठरला. हात आपोआप पुढे आले. त्याबद्दल पुढे सांगतो.

अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागत होता. सूचक म्हणून मोहल्ल्यातले जैनुद्दीन सारंग तयार झाले. बावीस वर्षं आगबोटींवर काढून ते घरी बसले होते आणि वॉर्डात कोणाशीही न भांडलेला तेवढा एकच माणूस होता. अनुमोदक म्हणून मी धोंडू गुरवाला घेतलं. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याच्या शब्दाला अर्धा वॉर्ड "व्हय म्हाराजा" म्हणतो. अशा माणसाचा पाठिंबा म्हणजे जवळजवळ देवाचाच, असा माझा हिशेब.

कचेरीत कारकुनानं मतदारांची यादी काढली आणि माझं नाव शोधलं. नावापुढे माझा पत्ता होता: 'राहणार शेट्ये यांचे विहिरीमागे.'

"हे काय?" मी विचारलं.

"पत्ता," कारकून म्हणाला.

"माझ्या घराला स्वतःचा नंबर आहे."

"आहे ना. पण नंबरावरून कोणाला कळणार? विहीर सगळ्यांना ठाऊक. बदलून हवा असेल तर अर्ज करा. निवडणूक झाली की सुनावणी होईल."

मी तो अपमान गिळला. तेवढ्यात धोंडूनं अंगठा उठवला. तो त्यानं एवढ्या भक्तिभावानं दाबला की अर्जावर एक, टेबलावर एक आणि कारकुनाच्या बाहीवर एक असे तीन अंगठे उठले. कारकून म्हणाला, "अंगठ्याला साक्ष लागेल. ऑनररी मॅजिस्ट्रेटची सही आणा."

"आता इथे मॅजिस्ट्रेट कुठून आणू?"

"तुमच्या मागेच आहेत की."

मी मागे वळलो. मागे शेट्ये उभा होता, स्वतःचा अर्ज हातात घेऊन. तो ऑनररी मॅजिस्ट्रेट झाला होता आणि नऊ वर्षं गडग्याला गडगा लावून राहूनही मला ते ठाऊक नव्हतं. "द्या इकडे मास्तर," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून फाउंटनपेन काढून माझ्या, म्हणजे त्याच्याविरुद्धच्या, अर्जावर झोकदार सही केली. वर म्हणाला, "तुम्हीच पुढे व्हा. तुमचं कॉलेज असेल. मला कसली घाई?"

त्याच्या त्या सौजन्यानं माझा अर्ज पहिला लागला, आणि ज्याचा अर्ज पहिला त्याला निशाणी पहिली निवडायची, असा नियम होता. मी घरून ठरवून निघालो होतो: पुस्तक. प्राध्यापकाला शोभेल अशी निशाणी. पण निशाण्यांच्या तक्त्यावर बोट ठेवता ठेवता माझं लक्ष शेट्येच्या हातातल्या अर्जाकडे गेलं. पसंतीच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, समई.

माझं बोट आपोआप सरकलं. "समई," मी म्हणालो.

शेट्येचा चेहरा क्षणभर पडला. खोटं कशाला सांगू, त्या एका क्षणात मला अर्ज भरल्याचं सार्थक वाटलं. "आमच्या मंडळींनी समईच मागा म्हणून बजावलं होतं," तो म्हणाला. "असो. तुमच्याकडे गेली म्हणजे परकी थोडीच गेली?" मग त्यानं तक्त्यावर नजर फिरवली. छत्री होती, पुस्तक होतं, होडी होती. तो म्हणाला, "मला आपली बादली द्या."

बादली! मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होतो. समईसमोर बादली म्हणजे देवघरासमोर न्हाणीघर. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं निकाल लागल्यासारखाच होता.

दादू साळवींनी प्रचाराचा बेत आखला. "चित्र छापून वाटू नका. खरी समई घेऊन घरोघर जा. पेटलेली." कमळानं तिच्या माहेरची, दाभोळची समई काढली. पितळेची, वर मोर असलेली, उचलायला चांगलीच जड. पण ती देताना तिनं अटी घातल्या. समई एकदा पेटवली की घरी येईपर्यंत विझता कामा नये. दक्षिणेकडे वात नको. आणि उंबरठ्यावर टेकवायची नाही.

रत्नागिरीत दुपारी तीननंतर समुद्रावरून काय वारा सुटतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच माझ्या हालांची कल्पना येईल. पुढे मी समई दोन्ही हातांनी धरून चालतो आहे, माझ्या बाजूला दादू साळवी उघडी छत्री वाऱ्याच्या दिशेनं आडवी धरून चालत आहेत, मागे धोंडू तेलाची बुधली घेऊन. वळणावर रस्ता दक्षिणेला वळला की वात उत्तरेकडे राहावी म्हणून मी उलटा चालायचो. माझ्या वर्गातली मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून हे पाहत असत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोणीतरी प्रश्न लिहिला होता: 'उलट चालणारा मनुष्य पुढे जातो काय? सकारण सांगा.' मी तो न पाहिल्यासारखं करून पुसला.

पण प्रचाराचा प्रभाव मात्र विलक्षण. समई दारात आली की बायका बाहेर यायच्या. समईला हळदकुंकू लावायच्या, वातीत तेल घालायच्या, अंबाड्यातलं फूल काढून तिच्यापुढे ठेवायच्या आणि नमस्कार करायच्या. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "फुलं कशाला, मत द्या." धोंडू मागून मला म्हणाला, "ऱ्हावंदे मास्तर. फुल वायलं म्हनजे मानूस बांधला ग्येला." हे मला पटलं. नंतर मीच म्हणायला लागलो, "ताई, फूल ठेवा." संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा धोंडूच्या पंच्यात सुरंगी, अबोली, मोगरा, अनंत, सगळं असायचं. ती फुलं मी मुद्दाम गडग्यावर पसरून ठेवायचो, पलीकडून नीट दिसतील अशी.

शेट्येचा प्रचार म्हणाल तर काहीच नाही. त्यानं एक नवी बादली आणली, तिच्यावर लाल रंगानं स्वतःचं नाव लिहिलं आणि ती विहिरीवर ठेवली. बस. आळीतल्या निम्म्या विहिरी आटलेल्या, त्यामुळे दिवसभर बायकांची रीघ. प्रत्येकजणी ती बादली आत सोडायची, भरून काढायची आणि घरी जायची. त्यांत माझी बायकोही होती. मी तिला म्हणालो, "निदान त्या बादलीनं तरी पाणी काढू नकोस." ती म्हणाली, "मग कशानं काढू? समईनं?"

संध्याकाळी शेट्ये गडग्याला टेकून माझ्या फुलांकडे पाहत राहायचा. तो फुलं मोजत असावा अशी माझी खात्री होती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी आणखी चार घरं वाढवायचो.

मधे एक जाहीर सभाही झाली. तीत मी नळाची आवश्यकता तीन विधानांत सिद्ध करणार होतो. उन्हाचे दिवस, लोकांना थंड काहीतरी हवं म्हणून दादूंनी परस्पर सोडावॉटरची सोय केली. गावात सोडा करणारा कारखाना एकच. मी पहिलं विधान मांडून दम घेतला आणि समोर 'फट्' करून बाटलीची गोळी आत गेली. दुसरं विधान संपेपर्यंत अठरा बाटल्या फुटल्या. तिसरं विधान कोणी ऐकलं नाही, कारण लोक ढेकर देत होते. जाताना सगळे म्हणाले, सभा छान झाली, शेट्येंचा सोडा फार कडक असतो.

मोहल्ल्यात जायची मात्र मला धास्ती होती. समई घेऊन मुसलमानांच्या दारात कसं जायचं? विझवायची सोय नव्हती, कमळाची अट. शेवटी मी धोंडूला समईसकट कोपऱ्यावर उभं केलं आणि एकटाच जैनुद्दीनच्या अंगणात गेलो. "दिवा कुठं ठेवलाव?" त्यांनी विचारलं. मी घुटमळलो. ते हसले. "काय वो मास्तर, आमच्या घरात दिवं लागत नाय काय? बसा, चाय घेवा."

त्यांची बायको सईदा चहाचे कप ठेवून तिथेच दारात उभी राहिली आणि तिनं मला सरळ विचारलं, "नळ नळ म्हणताव, तो बसणार कुठं? नि पानी येणार किती वाजता?"

बारा दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी काटकीनं अंगणात आळी काढून दाखवली. माझ्या मते नळ कोपऱ्यावरच्या वडापाशी हवा. सईदानं माझ्या हातातली काटकी घेतली आणि वडाची खूण पुसली. "तिथं उतार हाय, पाय घसरंल. हितं हवा," असं म्हणून तिनं गडग्याच्या टोकाला फुली मारली. ती सभा सोडली तर नळाविषयी संबंध प्रचारात मी तेवढंच बोललो. बाकी सगळा वेळ वात सांभाळण्यात गेला.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी सात वाजता हजर. केंद्राधिकारी चिपळूणचे एक हेडमास्तर होते, अत्यंत नियमाचे. एका वर्गात पडदा लावला होता आणि पडद्यामागे बाकावर दोन पेट्या. पहिलं मत मीच दिलं. समईचं चित्र पेटीवर झकास चिकटवलं होतं. दुसरं मत धोंडूचं. तो आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, अनवाणी आत गेला. बाहेर आला तो हात जोडलेलेच. रांगेतल्या बायकांना त्यानं हळूच काहीतरी सांगितलं आणि देवळाकडे गेला.

मग मी एक गोष्ट पाहिली आणि माझ्यातला तार्किक जागा झाला. बायका आत जाताना अंबाड्यात फूल असायचं, बाहेर येताना नसायचं. आता, जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. फूल कोणी बादलीला वाहत नाही. म्हणजे फूल समईला गेलं. म्हणजे मतही समईला गेलं. मी खिशातून टाचणवही काढली आणि दर बिनफुलाच्या अंबाड्यामागे एक रेघ ओढू लागलो. दुपारी एकपर्यंत पन्नासच्या वर रेघा झाल्या. खुद्द शेट्येची बायको तुळसाबाई सुरंगीचा वळेसर माळून आत गेली आणि मोकळ्या अंबाड्यानं बाहेर आली, तेव्हा मला गहिवरून आलं. शत्रूच्या घरातलं मत!

शेट्ये व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. मी मुद्दाम त्याच्याजवळ गेलो. "काय शेठ, वारा कुठला?"

"फुलांचा वास येतोय तुमच्याकडून," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओढलेला वाटला. मला जेवण गोड लागलं.

पाच वाजता मतदान संपलं. केंद्राधिकाऱ्यांनी आम्हा दोघा उमेदवारांना आत बोलावलं आणि पडदा बाजूला केला.

बादलीची पेटी नुसती होती. समईच्या पेटीचं मखर झालं होतं. चित्रातल्या प्रत्येक वातीला हळदकुंकू. पेटीवर, पेटीपुढे, पेटीच्या दोन्ही बाजूंना फुलांचा ढीग, तांदळाचे दाणे, दोन विड्याची पानं, एक सोललेला नारळ. आणि त्या फुलांखाली, फुलांमधे, पानांवर व्यवस्थित घडी करून ठेवलेल्या मतपत्रिका.

बारा दिवस मी या लोकांना शिकवलं होतं की समई दारात आली की तिच्यापुढे ठेवायचं आणि नमस्कार करायचा. माझी शिकवण कॉलेजात कधी कोणाच्या डोक्यात शिरली नव्हती. इथे ती पहिल्यांदा शिरली.

केंद्राधिकाऱ्यांनी कागद गोळा केले. सदुसष्ट निघाले. ते त्यांनी लाखोट्यात घातले आणि वर लिहिलं, 'बाद.'

"थांबा," मी म्हणालो. "हे कागद माझ्या चिन्हापुढे ठेवलेत. ठेवणाऱ्याचा हेतू उघड आहे. हेतू उघड असेल तर निष्कर्षही उघड आहे."

"पेटीच्या आत पडतं ते मत," हेडमास्तर म्हणाले. "पेटीवर पडतो तो कागद."

"पण तुम्ही लोकांना सांगायचं होतंत, आत टाका म्हणून."

"मतदाराला काय टाका आणि कुठे टाका ते मी सांगितलं असतं तर तो प्रचार झाला असता. मी प्रचार करत नाही."

मग त्यांनी पेट्या फोडल्या. बादलीत एकशे त्रेसष्ट मतं. समईत एकशे एकवीस. सदुसष्ट धरली असती तर माझी एकशे अठ्ठ्याऐंशी. हे गणित मी तिथल्या तिथे तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा बरोबर आलं.

बाहेर जैनुद्दीन भेटले. त्यांना सगळं कळलं होतं. "आमची समदी पेटीत हायत हां मास्तर," ते म्हणाले. "आम्ही काय तुमच्या दिव्याला फुलं वाहणार? सईदा म्हणाली, फुली बरोबर जागेवर मारून घेतलीय, आता टाका कागद. टाकला." म्हणजे ज्यांच्या दारात समई न्यायला मी घाबरलो, त्यांचीच मतं तेवढी मला पुरती पोचली होती. या गोष्टीचा मी विचार करायला हवा होता, पण त्या वेळी मी जळण्यात गुंतलो होतो.

घरी आलो. कमळा तुळशीपाशी दिवा लावत होती. मी विचारलं, "तू मत कसं दिलंस?"

"कसं म्हणजे? हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, कागद ठेवला, नमस्कार केला."

"पेटीत का नाही टाकलास? वर फट होती."

"समईत कोणी कागद घालतं का?" ती म्हणाली. "पेटला असता."

मी परसात जाऊन गडग्याच्या खिंडीत बसलो. आता पलीकडे रेडिओ लागेल, माणसं येतील, सोड्याच्या बाटल्या फुटतील, आणि माझ्याच फणसाला बांधलेल्या तारेवरून सनई वाजेल, या अपेक्षेनं मी कान टवकारून होतो. आवाज आला नाही. थोड्या वेळानं शेट्येच गडग्यापाशी आला. हातात पेढ्यांची पुडी होती. ती त्यानं गडग्यावर ठेवली.

"अभिनंदन," मी म्हणालो. हा शब्द उच्चारायला इतका कठीण असेल असं वाटलं नव्हतं.

"कसलं अभिनंदन मास्तर," तो म्हणाला. "बादलीत टाकायचं ही लोकांच्या हाताला सवय आहे. पाण्यापायी टाकली मतं. उद्या विहीर आटली तर मला कोण विचारतो?" तो माझ्या बाजूला, गडग्यावर सुकलेल्या कालच्या फुलांकडे पाहत होता. "पण ती पेटी बघितलीत तुमची? नारळ होता हो. या खेपेला उभं राहायचं म्हटलं तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी एकजण हार तरी घालेल. सकाळपासून उभा होतो. एक पाकळी नाही आली माझ्याकडे."

मीही फुलांकडे पाहिलं.

"तुळसा बाहेर आली, तर अंबाड्यात वळेसर नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, अगं, काय केलंस हे? तर म्हणते, समई दिसली, हात जोडले. बादलीला कोण नमस्कार करतं? लग्नाला अठरा वर्षं झाली मास्तर. माझ्यासाठी तिनं वळेसर कधी काढून ठेवला नाही." त्यानं गडग्यावरचं सुरंगीचं एक वाळकं फूल उचललं आणि परत होतं तिथेच ठेवलं. "हसू नका, पण खरं सांगतो. मला तुमचा हेवा वाटला."

नऊ वर्षं! एखाद्या माणसानं नऊ वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहावी आणि ती अशी संध्याकाळच्या वेळी, पेढ्यांच्या पुडीबरोबर, आपण होऊन गडग्यावर येऊन बसावी. मला काय वाटलं ते सांगायला तर्कशास्त्रात शब्द नाही. निवडणूक गेली, नळ गेला, एकशे अठ्ठ्याऐंशीतली सदुसष्ट लाखोट्यात गेली, आणि तरी मी जिंकलो होतो. चेहरा गंभीर ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

"काय म्हणालात शेठ?" मी विचारलं. "जरा मोठ्यानं म्हणा. कमळा आत आहे, तिला ऐकू गेलं नसेल."

शेट्ये भला माणूस. तो गडग्यावरून पुढे वाकला आणि आमच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, मला मास्तरांचा हेवा वाटला."

कमळा बाहेर आली. तिच्या कमरेवर घागर होती.

"ऐकलं हो मी मघाशीच," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "आता खिंडीतून जरा बाजूला व्हा. काळोख पडायच्या आत पाणी आणायचंय."

मी बाजूला झालो.